जोडीतली उरलेली रायफल

बाबा, तुमच्या त्या जोडीतली उरलेली रायफल भाऊनं या दसऱ्याला आपल्या नातीच्या हातात दिली. तुम्ही असता तर पोरीच्या हातात कशाला म्हणून आधी चिडला असता, आणि चार माणसं बघताहेत म्हटल्यावर लगेच तोंडभर हसला असता. मी तिथंच समोर खुर्चीवर बसले होते. तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढं मी कधीच निघून गेले आहे. म्हणजे आता मी तुमच्यापेक्षा मोठी, आणि मोठ्या माणसानं लहानाला सुनवावं तसं तुम्हाला सुनवायचा मला हक्क आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तसं म्हणणारे आपल्या घरात वाढलेले नसतात.

मालगुजारी गेली आणि तुम्हाला मालगुजार व्हायची हौस आली. बांबूचे आणि सागाचे ठेके घेऊन तुम्ही वर आलात, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ती मेहनत मी पाहिली आहे. पण घरात पैसा आल्यावर तुम्हाला आजोबा पाहिजे झाले, तेही शिकारी आजोबा, आणि आपले आजोबा तर दुसऱ्याच्या धानाच्या बांध्यात राबून गेलेले. मग तुम्ही छकडा जुंपून पोंभुर्ण्यापासून गडचिरोलीपर्यंत गावोगाव फिरायला लागलात. ज्यांची गावं सरकारजमा झाली होती अशा म्हाताऱ्या मालगुजारांच्या ओसरीवर बसायचं, त्यांच्याच घरचा चहा पीत त्यांच्या आज्या-पणज्याची वाहवा करायची, आणि निघताना घोंगडीत गुंडाळलेली रायफल छकड्यात घालायची. चार वर्षांत नऊ आणल्यात. जिनं जन्मात एखादं भेकर पाडलं असेल नसेल, तिच्या नावावर आपल्या घरी पोचेपर्यंत दोन वाघ जमा झालेले असायचे. तुमचा स्वतःचा नेम कसा होता ते हाक्याला येणाऱ्या माणसांना ठाऊक होतं. तुम्ही मचाणावर चढलात की ते झाडांच्या आडोशानं चालायचे.

मधल्या खोलीत सागाचं कपाट करून घेतलंत, काचेच्या दारांचं. पाहुणा आला की आधी पाणी नाही, आधी कपाट. "हे सारं माह्या पोराचं हाये," असं तुम्ही सांगायचा. "मंग त्याच्या पोराचं. घराण्याले काहीतरी नाव पायजे ना." एकदा मी तिथंच उभी होते आणि विचारलं, "अन् माह्यं काय हाये, बाबा?" पाहुण्याकडं बघून तुम्ही हसलात आणि म्हणालात, "तुले पुसाले देतो ना सगळ्या." पाहुणाही हसला. मीही हसले, कारण मी अकरा वर्षांची होते आणि तुम्ही चेष्टा केली म्हणजे तुमची मर्जी आहे असं मला वाटायचं.

आणि खरंच पुसायला दिल्यात. भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, चांद्याला शाळेत, सुट्टीला तेवढा घरी. पोरीचा हात बारीक असतो असं म्हणून तुम्ही ते काम माझ्याकडं लावून दिलंत. शिकवलंत मात्र नीट, तेवढं मान्य करते. काळ्या दारूचं काडतूस उडवलं की नळीत काजळी बसते, ती नुसत्या तेलानं जात नाही, उलट खालून गंज धरते. आधी कढत पाणी ओतायचं. स्वयंपाकघरात चुलीवर हंडा ठेवायचा, मागच्या बाजूनं नळीत नरसाळं धरायचं, आणि खालून सडक्या अंड्याच्या वासाचं काळं पाणी बाहेर येताना बघायचं. माय नाकाला पदर लावून बाहेर जायची. मग तिच्याच जुन्या लुगड्याच्या चिंध्या गजाला लावून नळीतून फिरवायच्या, एका नळीला सात, दोननळीला चौदा, शेवटची तेलाची. आणि मग तुमचा तो नियम. वापरलेल्या सगळ्या चिंध्या चुलीवरच्या दोरीवर ओळीनं टाकायच्या आणि मोजायच्या. "गेल्या तितक्या आल्या पायजे," तुम्ही म्हणायचा. "एक जरी अंदर राह्यली अन् मागून गोळी आली, त नळी फाटते." हे खरंच होतं. तुमचं पुढचं खोटं या खऱ्याच्या जिवावर उभं राहिलं, म्हणून हे इतकं तपशिलानं लिहिते आहे.

आणि ते काम मला आवडायचं. साफ झालेली नळी खिडकीकडं धरून आत पाहिलं की उजेडाचे गोल गोल कडे एकात एक दिसायचे. एका दिवाळीला तुम्ही भाऊला मनगटी घड्याळ आणलंत आणि मला तेलाची पितळी कुपी. मायला ते बरं वाटलं नव्हतं. मी मात्र ती कुपी उशाशी घेऊन झोपले, इतकी मी मूर्ख होते.

ती जोडी आली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. एका लाकडी पेटीत दोन सारख्या दोननळी रायफली, बाहेर कान उभारलेले घोडे, आणि नळ्यांवर पाण्यात वारा लागल्यासारख्या बारीक लहरी. तुम्हाला वाटलं नक्षी आहे. चांद्याहून बंदुका दुरुस्त करणाऱ्या चाचांना तुम्ही मुद्दाम बोलावून घेतलंत, खरं तर दाखवायला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नळीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "सेठ, याच्यात काय टाकता?" तुम्ही नागपूरहून आणलेल्या नव्या काडतुसांचं खोकं पुढं केलंत. चाचांनी ते उघडलंही नाही.

"हे नोका टाकू. ह्या नळ्या काळ्या दारूच्या हायेत. लोखंडाच्या पट्ट्या पिळून बनवेल नळी हाये, नव्या दारूचा जोर नाई सोसनार."

"पण बसते ना," तुम्ही म्हणालात, आणि एक काडतूस काढून आत घालून दाखवलंत. बसलं. चांगलं घट्ट बसलं.

"बसते म्हणून चालते असं नसते, सेठ. दिसाले दोन्ही सारखेच. मी काळ्या दारूचे भरून देतो. दसऱ्याच्या बाद घेऊन जाजा."

तुम्ही बशीतला चहा संपवला आणि "बरं बरं" म्हणालात. मी किटली घेऊन चाचांच्या बाजूला उभी होते. म्हणजे त्या खोलीत ते ऐकणारी माणसं दोन होती, तुम्ही आणि मी.

दसऱ्याच्या दिवशी कपाटातल्या साऱ्या रायफली पाटावर मांडल्या, झेंडूची फुलं वाहिली, आणि तुम्ही जोडीतली एक उचलून भाऊच्या हातात दिलीत. सतरा वर्षांचा होता. त्यानं ती लगेच खांद्याला लावून पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी मोठे साहेब शिकारीला येणार होते, आणि त्यांच्यासमोर तुमच्या पोरानं घराण्याच्या रायफलीनं रानडुक्कर पाडायचं असं तुमच्या मनानं घेतलं होतं. घराणं म्हणजे त्या पेटीला आपल्या घरात येऊन दोन महिने झाले होते. चाचांची काडतुसं अजून यायची होती. निघायच्या सकाळी तुम्ही फळीवरचं नागपूरचं खोकं काढलंत. मी ते पाहिलं आणि म्हणाले, "बाबा, चाचानं नाई म्हटलं होतं ना?"

तुम्ही वळून माझ्याकडं पाहिलंत. "तू आता मले बंदुकीतलं शिकवशीन? पोट्टीची जात, पुसाले दिल्या त लय समजाले लागली." आणि मायला ओरडून सांगितलंत की हिला चुलीपाशी बसव, हिच्या तोंडून सकाळच्या वेळी अपशकुन नको. मी चुलीपाशी जाऊन बसले. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला विचारत राहिले की मी आणखी एकदा का बोलले नाही, ओरडले का नाही, खोकं विहिरीत का टाकलं नाही. हा प्रश्न तुम्ही स्वतःला कधी विचारलात का हे मला ठाऊक नाही, आणि मला तसं वाटतही नाही.

बार मी घरून ऐकला. रोजच्या बारासारखा नव्हता तो, मोठं मडकं फुटल्यासारखा होता. भाऊला बाजेवर घालून आणलं, आणि तुमच्याच बांबूच्या ट्रकमधून चांद्याला नेलं. डाव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट राहिलं. उजवी नळी पुढच्या लाकडाच्या वर उकलली होती, केळीची साल सोलावी तशी.

तुम्ही आणि माय दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलात, त्याचे कपडे आणि भांडीकुंडी न्यायला. माय आत कपड्यांची पेटी उघडत होती. तुम्ही सरळ स्वयंपाकघरात आलात. मी चुलीपुढं होते. दोरीवर त्या एका रायफलीच्या, दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या चिंध्या तशाच होत्या. तुम्ही त्या मोजल्यात, बोट लावून, एकेक. चौदा. मग कडेची एक ओढून काढलीत आणि चुलीत टाकलीत. तेलाची होती, भपकन पेटली. ती पूर्ण जळेपर्यंत तुम्ही उभे होता. मग माझ्याशी बोललात, आणि जन्मात माझ्याशी इतक्या हळू आवाजात तुम्ही कधीच बोलला नव्हता.

"पोराचं सारं आयुष्य पडलं हाये. बापावरचाच भरोसा उठला त थो उभा नाई राह्यचा. तुह्यं काय, तू लगन होऊन जाशीन."

आणि लगेच तुमच्या नेहमीच्या आवाजात, "अवो, इकडं ये बरं. मोज ह्या चिंध्या."

मायनं मोजल्या. तेरा. पुन्हा मोजल्या. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. तिनं मला मारलं असतं तर मी बोलले असते. ती नुसती तोंडावर पदर धरून खाली बसली, आणि तिच्या रडण्यापुढं मला तोंड उघडता आलं नाही. चोराच्या उलट्या बोंबा मी पुढं आयुष्यात पुष्कळ ऐकल्या, पण शांतपणे, चुलीजवळ, आपल्याच पोरीच्या डोळ्यांत बघत मारलेली बोंब तेवढी एकच.

आठवड्याभरात चाचा आले, भरलेली काडतुसं घेऊन. तुम्ही त्यांना ओसरीच्या पायरीवरच थांबवलंत. "पोरीनं चिंधी ठेवली अंदर," असं सांगितलंत. त्यांनी नळी पाहायला मागितली, तुम्ही दाखवली नाहीत. ते माझ्याकडं बघून फक्त "अच्छा, सेठ" म्हणाले आणि गेले. त्यांना राग यावा अशी माझी फार इच्छा होती. पण चांद्यात त्यांचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक तुमच्यासारखेच होते, तेव्हा त्यांना मी माफ केलं. तुम्हाला नाही.

सगळ्यात वाईट भाऊ वागला, म्हणजे फार चांगला वागला. दवाखान्यातून घरी आला त्या दिवशी त्यानं मला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "बाई, तू रडू नोको. चुकी कोणाच्यानंही होते." सतरा वर्षांचं पोर, हाताला गाठोड्याएवढी पट्टी. त्यानंतर दर भाऊबीजेला मी त्याला ओवाळते, तो तबकात ओवाळणी टाकतो, मुद्दाम त्याच डाव्या हातानं, दोन बोटांच्या चिमटीत धरून, आणि डोळ्यांनी मला सांगतो की झालं गेलं विसर. साठ वर्षं त्यानं मला माफ केलं आहे, बाबा. मी न केलेल्या गोष्टीसाठी साठ वर्षं माफी घेत बसायचं म्हणजे काय असतं ते तुम्हाला कळायचं नाही. एखादे वर्षी तो माझ्यावर चिडला असता तर मी भांडले असते, आणि भांडणात सगळं बाहेर पडलं असतं. पण तो देवमाणूस आहे. तो तुमच्या पोटी कसा जन्मला याचं मला अजून नवल वाटतं.

माझं लग्न झालं, जसं तुम्ही म्हणाला होता. पुढं आम्ही भद्रावतीला आलो, नवऱ्याला तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी मिळाली. एकदा जेवताना मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं की काळी दारू आणि नवी दारू यात फरक काय. त्यानं ताटाच्या कडेला आमटीनं रेघा ओढून समजावून सांगितलं, आणि ते अगदी चाचांनी सांगितलं तेच होतं. का विचारलं ते त्याला सांगितलं नाही. तुमची अब्रू मी स्वतःच्या नवऱ्यापासूनही राखली. का राखली ते मात्र मला सांगता यायचं नाही.

तुम्ही पिकलं पान होऊन गेलात, अंथरुणात, लोकांच्या भजनात. जाताना कपाटाची किल्ली भाऊच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "सांभाळजो." पुढं एका माणसानं किती हत्यारं ठेवायची यावर सरकारी बंधन आलं, तशा भाऊनं एकेक करून साऱ्या जमा केल्या. ठेवली ती एक, जोडीतली उरलेली. त्यानं ती कधी उडवली नाही. बाबांची आठवण म्हणून ठेवली, असं तो म्हणायचा.

आता या दसऱ्याचं सांगते. भाऊची नात कॉलेजात नेमबाजी शिकली आहे. बक्षिसं आणते. पोरगी आहे म्हणून तिला कोणी चुलीपाशी बसवत नाही. लायसन्स तिच्या नावावर करून द्यायचं भाऊनं ठरवलं आणि मला मुद्दाम बोलावणं धाडलं. पेटी उघडली, फुलं वाहिली. त्यानं दोन बोटांच्या हातानं तोल सांभाळत ती रायफल तिला दिली आणि नियम सांगितला. "साफ केल्यावर चिंध्या मोजजो, बेटा. गेल्या तितक्या आल्या पायजे. तुह्या या आजीच्यानं एक अंदर राहून गेली होती, तवा माह्यी बोटं गेली. लेकरू होती थे, तिचा काय दोष." आणि माझ्याकडं पाहून हसला, प्रेमानं.

मी तेही गिळलं असतं. सवयीनं गेलं असतं खाली. पण पोरीनं पेटीतल्या कप्प्यात हात घातला आणि एक खोकं काढलं. कडा झिजलेल्या, पण मी ओळखलं. नागपूरचं. दोन कमी असलेलं. तेही त्यानं आठवण म्हणून जपून ठेवलं होतं. तिनं कळ दाबून नळी खाली वाकवली आणि एक काडतूस आत घातलं.

"आबा, हे बसतात यात," ती म्हणाली. "उद्या शेतावर एक उडवून पाहू का?"

"पाह्य ना," भाऊ म्हणाला. "नळी साफ हाये, म्या सोता चिंध्या मोजल्या."

बाबा, तुमचं खोटं नुसतं माझ्या अंगावर पडलं असं मी इतकी वर्षं समजत होते. ते पेटीत घालून ठेवलं होतंत तुम्ही, वारसाला. चिंध्या मोजल्या की झालं, एवढंच या घराला ठाऊक. मी उठले, या वयात जितकं चटकन उठता येतं तितक्या चटकन, तिच्या हातून रायफल घेतली, काडतूस काढलं आणि खोकं पदरात घेतलं. इतक्या वर्षांनी हाताला ती कळ सापडली याचं मलाच नवल वाटलं. मी म्हणाले की यात हे चालत नाही, ही काळ्या दारूची नळी आहे, बसतं म्हणून चालतं असं नसतं, उडवशील तर हात जाईल. पोरगी हुशार आहे. तिनं नळीवरच्या लहरी पाहिल्या आणि माझ्याकडं पाहिलं.

भाऊ मात्र खोक्याकडं बघत राहिला. हेच खोकं होतं हे त्याला आठवत होतं.

"मंग त्या दिवशी, बाई?" तो म्हणाला.

"चिंधी नव्हती, भाऊ. चौदाच्या चौदा होत्या."

त्याचा डावा हात मांडीवर उलटा पडला होता. मग त्यानं ते विचारलं, जे तो विचारेल हे मला ठाऊक होतं, आणि ज्याचं उत्तर मी चौदाव्या वर्षापासून तोंडात धरून बसले होते. चाचांचं नाव, बशीतला चहा, चुलीतली चिंधी, सगळं जिभेवर होतं. तुम्हाला त्या कपाटासकट खाली ओढायला एक शब्द पुरला असता.

"बाबाले माहीत होतं?"

मी म्हणाले, "नाई."

हे तुमच्यासाठी केलं असं चुकूनही समजू नका. त्याच्या तोंडाकडं पाहून केलं. तो ऐंशीला टेकलेला आहे, आणि मनातला बाप गेला तर त्याला आता दुसरं काही मिळायचं नाही. पोरगी रायफल नुसती ठेवणार आहे, उडवणार नाही, तिनं मला तसा शब्द दिला आहे. साफ कशी करायची ते मी तिला शिकवणार आहे, पितळी कुपी अजून माझ्याकडे आहे. खोकं मी पोलिसांत जमा करून आले. हा कागद कुठं द्यायचा तो प्रश्नच नाही. स्वयंपाक झाला की जाळून टाकीन.

फक्त एक तुम्हाला सांगायचं राहिलं, आणि ते दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. भाऊच्या डोळ्यांत बघून मी ते "नाई" म्हटलं ना, तेव्हा माझा आवाज अगदी हळू होता, बाबा, आणि ते म्हणायला मला काहीच जड गेलं नाही.